संगणकाची निरवानिरव

संगणक सुरू कसा होतो, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. आज आपण उलट्या टोकाकडून सुरुवात करू. आपण 'शट डाउन'वर टिचकी मारतो आणि पडदा काळा व्हायला काही सेकंद लागतात, कधी काही मिनिटंही लागतात. त्या वेळात आत काय चाललेलं असतं? कुणासाठी थांबलेलं असतं? आणि असं थांबायची रीत आली कुठून?

या प्रसंगाला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, निरवानिरव. लांबच्या वाटेला निघालेला माणूस देणीघेणी उरकतो, किल्ल्या कुणाकडे ते सांगतो, अर्धवट काम कुणाच्या तरी हवाली करतो. आपला दुकानदारसुद्धा संध्याकाळी दुकान 'बंद' करत नाही, 'वाढवतो'. म्हणजे गल्ला मोजायचा, दिवसभराचा उधार-उसनवार वहीत चढवायचा आणि मग शटर ओढायचं. संगणकाच्या पडद्यामागे ज्या सेवा सतत चालू असतात, त्यांचंही अगदी हेच असतं.

सुरुवातीला आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. साधारण वीस वर्षांपूर्वी एका छोट्या ग्रंथालयात आम्ही सभासदांची आणि पुस्तकांची नोंद संगणकावर चढवून दिली होती. महिनाभर काम चाललं होतं. रात्री ग्रंथालय बंद करताना शिपाईकाकांनी दिवे बंद केले, पंखे बंद केले आणि त्याच हाताने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. संगणक चालू होता. दुसऱ्या दिवशी सभासदांची फाइल उघडेना. काका म्हणाले, "पंखा बंद करतो तसाच केला की." सगळे त्यांच्यावर चिडले. त्यांचं नेमकं काय चुकलं, या प्रश्नाकडे आपण शेवटी परत येऊ. त्याचं उत्तर मिळायला जवळजवळ साठ वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

हा इतिहास १९६३ पासून सुरू करू. अमेरिकेत एमआयटीमध्ये 'प्रोजेक्ट मॅक' नावाचा प्रकल्प होता. आयबीएम ७०९४ या संगणकावर एकाच वेळी अनेकांनी काम करायचं, अशी व्यवस्था फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी उभी करत होते. तिथे काही प्रोग्राम असे होते की जे कुणा एका वापरणाऱ्याचे नव्हते. कुणी न सांगता मागे बसून घरकाम करत राहायचे. कॉर्बातो यांच्या आठवणीप्रमाणे त्यातला पहिला प्रोग्राम फायलींच्या प्रती टेपवर आपोआप काढून ठेवणारा होता. अशा प्रोग्रामना त्यांनी नाव दिलं 'डीमन'. हे नाव आलं मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातल्या डीमनवरून, जो दाराशी बसून अणुरेणू निवडत राहतो. हा शब्द ऐकून सैतान आठवायचं कारण नाही. कोकणात आणि गोव्यात गावाचा राखणदार असतो ना, दिसत नाही पण रात्रभर फिरत असतो, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे.

आता राखणदार नेमला की एक प्रश्न येतोच. गावच उठलं तर त्याला कुणी सांगायचं?

हा प्रश्न खऱ्या अर्थाने भेटला तो युनिक्समध्ये. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. डिस्क संथ आणि मेमरी जलद. म्हणून युनिक्सने एक युक्ती केली. प्रोग्रामने काही लिहिलं की ते आधी मेमरीतल्या बफरमध्ये ठेवायचं, प्रोग्रामला "झालं" म्हणून सांगायचं आणि डिस्कवर सवडीने उतरवायचं. यामुळे वेग वाढला, पण एक धोकाही आला. वापरणाऱ्याला वाटतं लिहून झालं, प्रत्यक्षात मजकूर अजून मेमरीत तरंगतोय. त्या क्षणी वीज गेली की तो गेला. नुसता मजकूर गेला तरी एक वेळ चालेल. पण कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची अनुक्रमणिकाच अर्धी लिहिलेली राहिली, तर डिस्कवरची इतर कामंही गोंधळात पडतात.

यावर उपाय म्हणून 'अपडेट' नावाचा एक डीमन बसवला. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो दर ३० सेकंदांनी एकच काम करतो, 'सिंक' नावाची हाक देतो. सिंक म्हणजे मेमरीत जे लिहायचं बाकी आहे ते डिस्कवर उतरवा. म्हणजे कितीही वाईट झालं तरी साधारण अर्ध्या मिनिटाचं नुकसान होणार.

आणि यंत्र बंद करायचं असेल तेव्हा? तेव्हा चालक स्वतः सिंक टाइप करायचा. इथे एक जुनी गंमत आहे. त्या काळचे लोक सिंक तीनदा टाइप करायचे, तीन वेगळ्या ओळींवर. नवीन मुलांना वाटायचं, हा काहीतरी मंत्र आहे. कारण साधं होतं. सिंक ही आज्ञा लिहिण्याचं काम फक्त रांगेत लावायची, ते पुरं होईपर्यंत थांबायची नाही. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा टाइप करण्यात जो वेळ जायचा, तेवढ्यात डिस्कचं काम उरकायचं. पुढे लोक तिन्ही सिंक एकाच ओळीत लिहायला लागले आणि मूळ हेतूच गेला, रूढी तेवढी राहिली. आपल्या ओळखीची गोष्ट आहे ही!

तरीही वीज जायचीच. मग सकाळी बसून डिस्क दुरुस्त करावी लागे. १९७० च्या दशकाच्या शेवटी बेल लॅब्जमधल्या टेड कोवाल्स्की यांनी 'एफएससीके' हा तपासनीस प्रोग्राम लिहिला. तो सगळी डिस्क पिंजून काढतो आणि कुणाशीच न जुळणारे तुकडे 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणी तासभरही चालू लागली. म्हणजे रात्री निरवानिरव केली नाही की सकाळी तिची किंमत मोजायची, हा हिशेब तेव्हापासून चालत आला आहे.

आता पुढची पायरी. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये १९८० च्या सुमारास 'शटडाउन' ही वेगळी आज्ञा आली. ती अगदी माणसासारखी वागते. आधी यंत्रावर बसलेल्या सगळ्यांना निरोप पाठवते की अमुक वाजता यंत्र बंद होणार. वेळ जवळ येईल तसे निरोप लवकर लवकर येऊ लागतात. शेवटच्या पाच मिनिटांत नव्या माणसाला आत घेतलंच जात नाही. त्यानंतर चालू असलेल्या प्रोग्रामची पाळी येते.

प्रोग्रामना सांगायचं कसं? यासाठी युनिक्समध्ये क्रमांक दिलेले इशारे आहेत, ज्यांना सिग्नल म्हणतात. आपल्या गोष्टीतले दोनच महत्त्वाचे, १५ आणि ९. क्रमांक १५ म्हणजे 'सिगटर्म'. त्याचा अर्थ, "आता आवरा." हा इशारा प्रोग्रामला ऐकता येतो. ऐकून काय करायचं हे त्याने आधीच लिहून ठेवलेलं असतं, हातातलं काम पुरं करणं, फायली मिटणं, मग स्वतःहून बाहेर पडणं. क्रमांक ९ म्हणजे 'सिगकिल'. हा प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. कर्नल परस्पर त्याला उचलून बाहेर काढतो. अडवता येत नाही, पुढे ढकलता येत नाही, शेवटचा शब्दसुद्धा लिहिता येत नाही.

शटडाउनचा सगळा इतिहास या दोन आकड्यांमधल्या अंतराचा आहे असं म्हटलं तरी चालेल. आधी १५ पाठवायचा, थोडं थांबायचं, जे ऐकत नाहीत त्यांना ९ पाठवायचा. प्रश्न उरतो तो "थोडं" म्हणजे किती, आणि ते कुणी ठरवायचं.

पण त्याआधी क्रमाचा प्रश्न आहे. एटी अँड टीच्या 'सिस्टिम फाइव्ह' या युनिक्सपासून सेवा सुरू आणि बंद करण्याच्या छोट्या स्क्रिप्ट क्रमांक लावून ठेवायची पद्धत रूढ झाली. सुरू करायच्या स्क्रिप्टच्या नावात आधी 'एस', मारायच्या स्क्रिप्टच्या नावात आधी 'के' आणि पुढे दोन आकडी क्रमांक. तत्त्व असं की जो शेवटी आला तो आधी जाणार. बघा, छपाईची सेवा, डेटाबेस, मेल, सगळे आपापल्या नोंदी लॉग लिहिणाऱ्या सेवेकडे देतात. मग लॉगवाला सगळ्यात आधी उठून गेला तर बाकीच्यांनी निघताना काय केलं हे कोण लिहिणार? नेटवर्कवरून जोडलेली डिस्क सोडवायच्या आधी नेटवर्कच बंद केलं तर ती डिस्क सोडवणार कशी? म्हणून आधी वरच्या सेवा, मग लॉग, मग नेटवर्क, मग डिस्क सोडवायच्या. मुख्य डिस्क तर सोडवताच येत नाही, कारण आपण तिच्यावरच उभे असतो. तिला फक्त 'वाचनापुरती' करून ठेवतात. सगळ्यात शेवटी विजेला रजा.

या वाटेवर लिनक्सची एक छोटी सेवा असते, ती आम्हाला फार आवडते. थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये लिनक्सला यादृच्छिक आकडे पुरवणारी सोय दिली. कीबोर्डच्या, डिस्कच्या अनियमित हालचालींतून ती अनिश्चितता गोळा करते. संगणक नुकताच सुरू झालेला असतो तेव्हा तिच्याकडे काहीच साठलेलं नसतं. म्हणून बंद होताना एक सेवा थोडे यादृच्छिक आकडे फाइलमध्ये लिहून ठेवते, उद्या उठणाऱ्यासाठी. विरजणासारखं. आजच्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढून ठेवायचं.

इकडे घरगुती संगणकांचं जग वेगळंच होतं. डॉसमध्ये काम संपलं की सरळ खटका दाबायचा. मागे चालणाऱ्या सेवा जवळजवळ नव्हत्याच. पण १९९३ साली मायक्रोसॉफ्टच्या डॉस ६.० सोबत आलेल्या 'स्मार्टड्राइव्ह'ने युनिक्सचीच युक्ती केली, लिहायचं ते मेमरीत धरून मागाहून उतरवायचं. लोकांची सवय अशी की पडद्यावर सी प्रॉम्प्ट परत दिसला म्हणजे काम झालं, आता खटका दाबायचा. मजकूर मात्र अजून मेमरीतच. लोकांचं नुकसान झालं. त्याच वर्षी आलेल्या ६.२ मध्ये दुरुस्ती केली, मेमरीतलं डिस्कवर उतरल्याशिवाय प्रॉम्प्ट दाखवायचाच नाही. लोकांना नवा नियम शिकवत बसण्यापेक्षा त्यांच्या सवयीप्रमाणे यंत्र बदललं, हे इथे ध्यानात ठेवा.

मग १९९५ चं विंडोज ९५. तुमच्यापैकी अनेकांना तो पडदा आठवत असेल. काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी अक्षरं, आता संगणक बंद करायला हरकत नाही अशा अर्थाची. यंत्र निरवानिरव करून आपल्यासाठी थांबलेलं असायचं, कारण स्वतःची वीज तोडायची सोय बहुतेक यंत्रांत नव्हती. पुढे एटीएक्स पद्धतीचे वीजपुरवठे आणि १९९६ चं एसीपीआय हे मानक आलं, सॉफ्टवेअरला वीज तोडता येऊ लागली आणि तो पडदा हळूहळू दिसेनासा झाला.

विंडोजच्या दुसऱ्या शाखेत, म्हणजे १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये, सेवांवर एक मुकादम नेमलेला होता, 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर'. बंद होताना तो चालू सेवांना वर्दी देतो. गंमत अशी की सुरू करताना कोण कुणावर अवलंबून आहे हे तो पाहतो, पण बंद होताना ते नातं पाळत नसे. त्यामुळे एखादी सेवा आवरत असताना तिचा आधारच आधी उठून गेलेला असायचा. विंडोज व्हिस्टामध्ये यावर तोड काढली. ज्या सेवांना खरंच वेळ हवा, त्यांनी आधी नाव नोंदवावं, त्यांना इतरांच्या आधी वर्दी मिळेल आणि सुरुवातीला तीन मिनिटांची मुदत मिळेल.

बाकीच्यांना किती वेळ? विंडोज एक्सपीच्या काळात सर्वसाधारण मुदत २० सेकंद होती. अलीकडच्या विंडोजमध्ये ती ५ सेकंदांवर आली आहे. लिनक्सकडे पाहा. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी 'सिस्टिमडी' आणलं. त्यात एका सेवेला आवरायला दीड मिनिट मिळतं. ती आवरली नाही तर पडद्यावर लाल ठिपके मागेपुढे सरकत राहतात आणि लॅपटॉप पिशवीत टाकून निघायच्या घाईत असलेला माणूस वैतागतो. फेडोरा या लिनक्सच्या मंडळींनी ३८ व्या आवृत्तीच्या वेळी ही मुदत १५ सेकंदांवर आणायचा प्रस्ताव मांडला. विरोध झाला. डेटाबेसला जास्त वेळ लागतो, आभासी यंत्रांना जास्त लागतो, घाईने त्यांची माहिती बिघडेल. शेवटी २०२३ मध्ये तडजोड झाली ती ४५ सेकंदांवर.

इथे थोडं थांबू. १५ की ४५ हा वाद वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे की सेवेची निरवानिरव शेवटच्या क्षणी होते, म्हणून शेवटचा क्षण लांब हवा. हे गृहीतक बरोबर आहे का?

डेटाबेसवाल्यांनी ते फार आधीच नाकारलं होतं. बँकेच्या यंत्राला शेवटचा क्षण मिळेलच याची हमी कोण देणार? म्हणून त्यांनी नियम केला. खात्यात बदल करायच्या आधी काय बदल करणार ते रोजनाम्यात लिहायचं, रोजनामा डिस्कवर पक्का झाला की मगच ग्राहकाला "झालं" म्हणायचं. या विचाराची सर्वांत प्रभावी मांडणी, 'एरीज' नावाची, १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे पहिले लेखक आयबीएमचे सी. मोहन, जे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. यंत्र कधीही कोसळलं तरी उठल्यावर रोजनामा वाचायचा, पुरे झालेले व्यवहार पुन्हा लावायचे, अर्धवट राहिलेले मागे घ्यायचे. आपले जुने पेढीवाले रोजकीर्द आधी लिहायचे आणि खतावणी मागून, त्यामागे हेच शहाणपण होतं. हीच कल्पना पुढे फाइल सिस्टिमपर्यंत पोचली. विंडोज एनटीची एनटीएफएस, २००१ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलेली एक्स्ट थ्री, दोन्ही रोजनामा ठेवतात. तासभराची सकाळची तपासणी काही सेकंदांवर आली.

२००३ मध्ये स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी याच्याही पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी मोजलं तर रेड हॅट ८ हे लिनक्स रीतसर बंद करून पुन्हा सुरू करायला १०४ सेकंद लागत होते, आणि एकदम पाडून सुरू करायला ७५! मग रीतसर बंद करायचंच कशाला? कोसळणं हीच बंद होण्याची एकमेव रीत मानून प्रोग्राम लिहावा, असं त्यांनी सुचवलं. जो रस्ता रोज वापरला जातो तो चांगला राहतो. दुरुस्तीचा रस्ता वर्षातून एकदाच वापरला तर ऐन वेळी तोच दगा देतो. ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्डमध्ये याचंच एक व्यवहारी रूप आणलं. प्रोग्रामने आधीच सांगून ठेवायचं की माझ्याकडे काही बाकी नाही. मग त्याला निरोप न देता थेट ९ क्रमांकाने उठवलं तरी चालतं.

मग १५ क्रमांकाचा इशारा आता निरुपयोगी झाला का? आमच्या मते नाही, पण त्याचं काम बदललं. पोस्टग्रेस या डेटाबेसकडे पाहा. त्याला थांबवायच्या तीन पद्धती आहेत. पहिली, नव्यांना आत घेऊ नका, पण आत बसलेले सगळे आपणहून उठेपर्यंत थांबा. दुसरी, चालू व्यवहार मागे घ्या, सगळ्यांना बाहेर काढा, हिशेब मिटवा. तिसरी, तडक उठा, उद्या रोजनाम्यातून सावरू. तिन्ही पद्धतींत पुरे झालेले व्यवहार शाबूत राहतात. फरक पडतो तो आत बसलेल्या माणसांच्या अनुभवात आणि उद्या सुरू होण्याच्या वेळेत. बरीच वर्षं आज्ञा देताना पहिली पद्धत गृहीत धरली जायची. २०१६ च्या ९.५ आवृत्तीपासून दुसरी धरली जाते, कारण कुणीतरी एक जण जोडणी उघडी ठेवून जेवायला गेला की सगळं यंत्र त्याच्यासाठी ताटकळत राहायचं. आजच्या मोठ्या सर्व्हर-व्यवस्थेत, कुबरनेटिसमध्ये, प्रोग्रामला १५ चा इशारा आणि सर्वसाधारण ३० सेकंद मिळतात. ते मुख्यतः समोर रांगेत उभ्या असलेल्या विनंत्या पुऱ्या करण्यासाठी. म्हणजे माहिती वाचवणं हे रोजचं काम झालं, आणि शेवटचे सेकंद समोरच्याला नीट निरोप देण्यासाठी उरले.

आणखी एक वळण सांगून आवरतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. तो चालू असेल तर 'शट डाउन' म्हटल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण कर्नल आणि मागच्या सेवा जशाच्या तशा डिस्कवर झोपवल्या जातात. त्यांना निघायचा निरोप मिळतच नाही. आठवडाभर रोज रात्री बंद केलेल्या यंत्रातली सेवा प्रत्यक्षात आठवडाभर चालूच असते. म्हणून तर दुरुस्तीवाला फोनवर सांगतो, "शट डाउन नको, रीस्टार्ट करा." रीस्टार्टमध्ये सगळ्यांना खरोखर उठवलं जातं.

आता शिपाईकाकांकडे परत येऊ. त्यांनी स्विच ओढला हे खरं. पण तो प्रोग्राम आम्ही निवडला होता, आणि तो महिनाभराची नोंद एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवून जागच्या जागी खोडून लिहीत होता. रोजनामा नव्हता, दुसरी प्रत नव्हती. भारनियमनाचे दिवस होते. काकांनी स्विच ओढला नसता तरी त्या आठवड्यात वीज जाणारच होती. डॉस ६.२ वाल्यांनी १९९३ मध्ये जे ओळखलं ते आम्ही ओळखलं नाही, माणूस पंखा बंद करतो तसा संगणक बंद करणार हे धरूनच व्यवस्था उभारायला हवी. आम्ही सभासदांच्या नोंदी जुन्या कागदी रजिस्टरवरून पुन्हा चढवल्या. ते रजिस्टर कुणी जपलं होतं? काकांनीच. संगणक आला तरी ते रोज संध्याकाळी त्यात नोंद करून मगच कुलूप लावत असत.

तेव्हा आज घरी गेल्यावर यंत्र बंद करताना पडदा काळा होईपर्यंत जरा थांबा. आत बरेच जण आवरत असतील. आणि तुम्ही प्रोग्राम लिहिणारे असाल, तर हे सेकंद मिळणारच नाहीत असं धरून लिहा.